खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही
(स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



मघाशी पंगत बसली तेव्हा मी एकटाच खुर्ची ओढून बसलो. दोघा-तिघांनी एकमेकांकडं बघितलं, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. एकजण तर बोललाच, "काय रं, लई मोठा साहेब झालास का?" मी हसलो आणि भाकरी मोडली. सकाळी आल्यापासून दुसराही एक प्रश्न कानावर येतोय. संध्याकाळी आजी विरुद्ध माजी विद्यार्थी असा खो-खोचा सामना आहे आणि माजी विद्यार्थ्यांच्या यादीत माझं नाव नाही. "कर्णधारच पळाला," असंही कुणीतरी म्हणालं.

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. माझ्या उजव्या खुब्यातला सांधा आता माझा नाही. तो 2022 साली बदलला. संयोजकांनी मला "शाळेच्या आठवणी" असा विषय दिला होता. त्यांची परवानगी गृहीत धरून मी या खुब्याबद्दलच बोलणार आहे. शाळेची आठवण त्यात आपोआप येईल.

आपलं मैदान तुम्हाला आठवत असेल. उन्हाळ्यात तापलेली माती, दोन खांब आणि आखायला चुन्याची फक्की. सर, तुम्ही आम्हाला एकच वाक्य रोज ऐकवायचा, "खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही." समोरून गडी जाताना दिसतो, हात लांब केला तर सापडेल असं वाटतं, तरी बसून राहायचं. पाठीवर हात पडला, "खो" ऐकू आला, की मगच उठायचं. जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला मी काय केलं, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. एक्केचाळीस वर्षांत ते मला कुणी विसरू दिलेलं नाही. मी आधीच उठलो. शिट्टी वाजली, गडी निसटला आणि आपण हरलो. सर, तुम्ही रागावला नाहीत. परत येताना एसटीत एवढंच म्हणालात, "घाई पायात नसते, डोक्यात असते." ते वाक्य कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

शाळेनंतर माझं पळणं सुटलं. डाळिंबाची बाग, छाटणी, फवारणी, मुलांची शिक्षणं यांत वर्षं गेली. मिरजेच्या छोट्या गाडीबरोबर रुळाच्या कडेनं शर्यत लावणारा पोरगा ढेरीवाला बागायतदार झाला. मग 2016 चं रिओ ऑलिंपिक आलं. आपल्या माण नदीच्या वरच्या अंगाला, माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. तेच पाणी, तोच दुष्काळ, तसलीच माती. मी दुसऱ्याच दिवशी बूट आणले. पहिल्या दिवशी बागेला अर्धी फेरी मारून दम लागला. सहा महिन्यांत पाच किलोमीटर पळायला लागलो. खोटं बोलत नाही, त्या सहा महिन्यांत मला पुन्हा सोळा वर्षांचं झाल्यासारखं वाटत होतं.

2017 च्या पावसाळ्यात पंढरपूर रस्त्यावर मोटारसायकल घसरली. मांडीचं हाड खुब्यापाशी, त्याच्या मानेत मोडलं. तीन स्क्रू बसवले. हाड जुळलं, मी चालायला लागलो. सगळ्यांना वाटलं, भागलं.

पण तसं झालं नव्हतं. इथं बसलेल्या निम्म्या लोकांना याचा कधीतरी उपयोग होईल, म्हणून नीट सांगतो. मांडीच्या हाडाच्या टोकाला चेंडूसारखा गोळा असतो, तो ओटीपोटाच्या हाडातल्या वाटीत फिरतो. या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या बहुतेक बारीक वाहिन्या हाडाच्या मानेवरून वर चढतात. मान मोडली की त्या तुटू शकतात. मग हाड वरून जुळलेलं दिसतं, पण आतला गोळा रक्ताविना हळूहळू मरतो आणि एक-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, खचतो. याला डॉक्टर ‘एव्हीएन’ म्हणतात. अपघात झालाच पाहिजे असंही नाही. स्टिरॉइडची औषधं जास्त दिवस घेतल्यानं होतो, दारूनं होतो. कोविडनंतर 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांना असे तरुण रुग्ण दिसायला लागले होते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. खुब्याचं दुखणं पुष्कळदा खुब्यात दुखत नाही, ते जांघेत आणि गुडघ्यात दुखतं. मी वर्षभर गुडघ्याला तेल चोळलं, पट्टा बांधला. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला तेव्हा मला आनंद झाला. दुखणं एक मजला वर राहत होतं आणि मी खालचं दार वाजवत होतो.

त्यानंतर मी जे केलं ते आपल्याकडचे बहुतेक पुरुष करतात. लपवलं. बागेत खाली बसता येईना, तर गड्यांना म्हणायचो, "तुम्ही करा, मी बघतो." मोजे बायको घालायची. देवळात लांबूनच हात जोडायचो. लंगडतोय असं कुणी म्हटलं तर "चप्पल चावतीय" म्हणायचो. खिशात कायम दुखण्याच्या गोळ्या.

मग लेकीचं लग्न आलं. कन्यादानाला पाटावर बसायचं होतं. मला बसता आलं नाही. गुरुजींनी समजून घेतलं, कुणीतरी स्टूल आणलं. लेक खाली पाटावर आणि मी वर स्टूलवर. रात्री मांडव रिकामा झाल्यावर बायको म्हणाली, "अहो, आज सगळ्यांनी तुमचा पाय बघितला, पोरीला कुणी बघितलंच नाही." त्यानंतर आठवडाभरात मी डॉक्टरांसमोर बसलो होतो. इतकी वर्षं मी पाय लपवत होतो, आणि लेकीच्या दिवशी तोच सगळ्यांच्या पुढं उभा राहिला.

शस्त्रक्रियेची मला भीती होती. "सांधा बदलला की माणूस संपला," असं आपल्याकडं सर्रास बोललं जातं. पण ही शस्त्रक्रिया नवी नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली या डॉक्टरांनी 1962 च्या सुमारास आजच्या पद्धतीचा पाया घातला, म्हणजे आपल्यातल्या कुणाचाही जन्म झाला नव्हता तेव्हा. धातूचा छोटा गोळा आणि प्लास्टिकची वाटी, ही कल्पना त्यांची. माझ्या मांडीच्या हाडात आता टायटॅनियमचा दांडा आहे, त्यावर सिरॅमिकचा गोळा आणि वर खास प्रकारच्या प्लास्टिकचं अस्तर असलेली वाटी. दुसऱ्या दिवशी मला वॉकर धरून उभं केलं. जखम दुखत होती, पण जांघेतलं ते जुनं, कुरतडणारं दुखणं नव्हतं. मी रडलो. नर्सबाईंना वाटलं कळ आली.

पहिले तीन महिने नियम होते. कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, कमोडच वापरायचा. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. नाहीतर सांधा निखळू शकतो. पुढं हे नियम बरेच सैल झाले, पण जमिनीवर बसणं टाळलेलं बरं, असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून मघाची ती खुर्ची.

आता माझी चूक सांगतो. ती कुणा डॉक्टरची नाही, रुग्णालयाची नाही, माझीच आहे.

घरी पडल्या पडल्या मोबाईलवर टेनिसपटू अँडी मरेची गोष्ट वाचली. जानेवारी 2019 मध्ये त्याच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली, जून महिन्यात लंडनमध्ये त्यानं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला एकेरीचंही. त्याच्या आधी बॉब ब्रायन तशाच शस्त्रक्रियेनंतर पाच महिन्यांत मैदानात उतरला होता. मी म्हटलं, बघा! त्या लेखातलं एक वाक्य मी वाचूनही वाचलं नाही. त्या दोघांचा सांधा पूर्ण बदललेला नव्हता. हाडाचा गोळा तसाच ठेवून त्यावर धातूची टोपी बसवली होती. शिवाय मरे तेव्हा एकतीस वर्षांचा होता, त्याचं सगळं आयुष्य व्यायामात गेलेलं, आणि त्याला पुन्हा उभं करायला माणसं दिमतीला. माझ्या दिमतीला बायको आणि एक काठी.

दहाव्या आठवड्यात एका पहाटे, घरचे झोपेत असताना, मी बूट घातले. बागेच्या कडेनं विजेच्या खांबापर्यंत पळायचं आणि परत यायचं. एवढंच. जाताना ठीक गेलो. तुम्हाला काय सांगू, काय वाटलं! परत येताना मातीच्या ढेकळावर पाय पडला आणि अडखळलो. पडलो नाही, पण अडखळलो. दुसऱ्या दिवशी पाय टेकवेना.

एक्स-रेत सांधा जागेवर होता, नशीब. स्नायू दुखावला होता. पुन्हा सहा आठवडे काठी. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी कागदावर तीन आकडे लिहून दाखवले. बर्लिनच्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच मोजणारं यंत्र बसवून बघितलं होतं. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट भार येतो. हळू पळताना पाचपट. आणि अडखळलो तर सात-आठ पट. "तुमचं पळणं तुम्हाला महागात पडलं नाही," डॉक्टर म्हणाले, "अंधारातलं ढेकूळ पडलं."

मग त्यांनी विचारलं, "धंदा काय करता?" मी म्हटलं, डाळिंब. ते म्हणाले, "तुमच्या हाडात जो दांडा आहे तो सिमेंटनं चिकटवलेला नाही. त्याचा पृष्ठभाग खरखरीत आहे, तुमचंच हाड वाढून त्याला धरतं. त्याला महिने लागतात. गुटी बांधली की मुळं फुटायच्या आधी फांदी ओढून बघता का तुम्ही?"

मी खाली मान घातली. मला एसटीतले सर आठवले. चाळीस वर्षांत मी काहीच शिकलो नव्हतो. खो मिळायच्या आधी पुन्हा उठलो होतो.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला आणखी एक प्रश्न विचारला, "तुम्हाला पळायचंय कशासाठी?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन बरेच दिवस विचार केला. खरं उत्तर लाज वाटण्यासारखं होतं. मला पळायचं नव्हतं. मला सोळा वर्षांचं व्हायचं होतं. आणि तसा सांधा कुठलाही सर्जन बसवत नाही.

तेव्हा मला आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर आठवले. सांगलीच्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात बॉक्सिंग करायचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, बॉक्सिंग कायमचं गेलं. ते पाण्यात उतरले. 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक घेतलं, भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलं. पेटकर खेळात परत आले, पण बॉक्सिंगच्या रिंगणात नाही. माझं दुखणं त्यांच्या जखमांपुढं काहीच नाही, पण परत येणं म्हणजे होतो तिथंच येऊन उभं राहणं नव्हे, एवढं मला त्यांच्यावरून कळलं.

मग मी पहिलीत नाव घातल्यासारखी सुरुवात केली. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर उचलायचा, दहा वेळा, मग पंधरा. कुल्ल्याच्या बाजूचा हा स्नायू कमजोर असला की माणूस सांधा बदलूनही लंगडतो. एका पायावर आरशासमोर उभं राहायचं आणि कमरेची दुसरी बाजू खाली पडते का ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे. त्याला टाळ्या पडत नाहीत. नंतर घरात उभी केलेली सायकल. मग चालणं, आधी बागेला एक फेरी, मग गावापर्यंत. एक वर्षानं तपासणी झाली, एक्स-रे चांगला होता. डॉक्टर म्हणाले, "पळा असं मी सांगणार नाही. बहुतेक सर्जन पोहणं, सायकल, चालणं सुचवतात, कारण वाटीचं अस्तर झिजतं आणि दांडा सैल होण्याची भीती असते. आताचं अस्तर पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झिजतं. पळायचंच असेल तर उजेडात, सपाट मातीवर, थोडं, आणि एक दिवस आड. उडी नाही, झटक्यात वळणं नाही. दुखलं की थांबायचं. आणि दरवर्षी मला पाय दाखवायचा."

तो माझा खो होता.

2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास आला होता. बदललेल्या खुब्यांपैकी साधारण 58 टक्के पंचवीस वर्षं टिकतात, असं त्यात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून मांडलंय. मी सांधा बदलला तेव्हा चौपन्न वर्षांचा होतो. हिशेब तुम्ही करा. हा सांधा मला ऐंशीच्या जवळ न्यायचा आहे. त्याची उधळपट्टी करून चालणार नाही.

आज मी आठवड्यातून तीन दिवस पळतो. अंतर दोन किलोमीटर, फार तर अडीच. वेग असा की शेजारचा पोरगा शाळेत चालत जाताना मला मागं टाकतो आणि वर "काका, राम राम" म्हणतो. बाकीच्या दिवशी चालतो. गेल्या कार्तिकीला सांगोल्याहून पंढरपूरला पायी गेलो, दोन दिवस लावून. ऐन तिशीत हे अंतर मी एका दिवसात कापलं असतं. पण तेव्हा कधी गेलोच नाही, गाडी होती ना.

आता इथल्या लोकांसाठी दोन शब्द. सकाळी प्रार्थनेला आपण उभे राहिलो तेव्हा मी मोजलं. चार जण समोरच्या बाकाला धरून उठले. एकजण जिन्यावर दर पायरीला दोन्ही पाय टेकवत वर आला. मी नाव घेत नाही, तो माझ्याकडं बघून हसतोय. गड्यांनो, लपवू नका. जांघेत दुखत असेल, मोजा घालता येत नसेल, रात्री कूस बदलताना जाग येत असेल, तर खुब्याचा एक्स-रे काढा. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. पैशाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शासनाच्या योजनेबद्दल विचारा, लाजू नका. आणि ज्यांनी सांधा बदललाय त्यांनी पायात मोडलेला बाभळीचा काटा, दाढेतला पू असल्या गोष्टी अंगावर काढू नका. तिथला जंतू रक्तातून कृत्रिम सांध्यापर्यंत पोचू शकतो.

बहिणींनो, तुम्हाला वेगळं सांगतो. आमच्या घरात मी लपवत होतो तेव्हा बायको तरी बघत होती. तुमचं दुखणं बघायला पुष्कळ घरांत कुणी नसतं. तुम्ही स्वतःच जा.

आता संध्याकाळचा सामना. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. सामने मॅटवर होते, दिव्यांच्या झगमगाटात. मी टीव्हीसमोर खुर्चीत बसून बघत होतो आणि माझे पाय आपोआप हलत होते. त्यामुळं यादीतून नाव काढायला सांगताना मला काही वाटलं नाही, असं समजू नका. खांबाला धरून गर्रकन वळणं, गुडघ्यात वाकून बसणं, झेप टाकणं, हे सगळं माझ्या सांध्याला वर्ज्य आहे. एक सामना खेळून पंचवीस वर्षं पणाला लावायची नाहीत, हे ठरवायला मला रात्रभर जागावं लागलं.

पण मैदानावर मी असणार आहे. घड्याळ माझ्याकडं आहे. वेळ मी मोजणार. आणि आपल्या बाजूचं कुणी खो मिळायच्या आधी उठलं, तर पंचांच्या आधी मीच ओरडणार आहे.

सर, मघाशी तुम्ही विचारलंत, "पळतोस का अजून?" मी "हो" म्हटलं आणि तुम्ही माझ्या पायांकडं बघितलंत. उद्या सकाळी साडेसहाला मी मैदानाला दोन फेऱ्या मारणार आहे, एक हळू पळत आणि एक चालत. तुम्हीच शिकवलंय, पळून झाल्यावर लगेच बसायचं नाही. चालायच्या फेरीला तुम्ही तुमची काठी घेऊन या. माझी घरी माळ्यावर आहे, लागली तर आणीन. दोघं मिळून जाऊ. घाई नाही.